मान न आखडणारा मेंदूज्वर

मेंदूज्वर म्हटला की डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. सणसणून ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, आखडलेली मान आणि दोन-तीन दिवसांत हरपलेली शुद्ध. हे चित्र जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे आहे आणि तिथे ते बरेचसे खरे ठरते. क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर मात्र या चित्रात सहसा बसत नाही. त्याचा रुग्ण दोन-तीन आठवडे डोके दुखते म्हणून गोळ्या घेत असतो. ताप असला तर बारीक, अंगात मुरलेला. मान सहज वाकते. तो चालत दवाखान्यात येतो आणि चालतच परत जातो. एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात किंवा घरचे सांगतात की हा चार दिवस भलतेच बोलतोय, तेव्हा कुठे कोणाला तरी शंका येते. तोवर आजार फार पुढे गेलेला असतो. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार एचआयव्हीबाधितांमध्ये वर्षाकाठी या मेंदूज्वराचे सुमारे १,५२,००० रुग्ण होतात आणि त्यांतले सुमारे १,१२,००० दगावतात. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक या बुरशीच्या खाती जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये रोगकारक बुरश्यांची अग्रक्रम यादी पहिल्यांदाच जाहीर केली, तेव्हा सर्वांत गंभीर गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सला जागा मिळाली ती यामुळेच. या प्रस्तावनेत मला मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. या आजाराचे निदान लक्षणे ओळखण्याच्या कौशल्यावर सोडले, तर ते उशिराच होणार. कोणाची तपासणी करायची हे रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवरून आधीच ठरलेले असेल, तरच ते वेळेत होईल.

ही बुरशी वैद्यकाला नवी नाही. १८९४ मध्ये जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे ओटो बुसे आणि अब्राहम बुश्के यांनी एका तरुण स्त्रीच्या नडगीच्या हाडातून ती वेगळी केली. त्याच वर्षी इटलीत फ्रान्चेस्को सान्फेलीचे यांना ती पीच फळाच्या रसात सापडली. तरीही पुढची बरीच वर्षे तिच्याविषयीची समजूत आडवाटेने चालली. १९१६ मध्ये स्टॉडर्ड आणि कटलर या अमेरिकी डॉक्टरांना मेंदूच्या ऊतीचे काप पाहताना बुरशीच्या पेशींभोवती रिकाम्या जागा दिसल्या, आणि ही बुरशी आसपासची ऊती विरघळवून टाकते असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या जागा रिकाम्या नव्हत्या. तिथे बहुशर्करेचे जाड, बुळबुळीत आवरण होते. नेहमीच्या रंगांनी ते रंगत नव्हते एवढेच. हे आवरण पुढे या आजाराच्या संपूर्ण विचाराचे केंद्र बनले. शरीराच्या भक्षक पेशींना बुरशी गिळू न देण्याचे काम ते करते, आणि निदानाच्या ज्या कसोट्या आज आपल्या हाती आहेत त्यांतल्या महत्त्वाच्या कसोट्याही त्याच आवरणावर उभ्या आहेत.

बुरशी राहते कुठे, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. चेस्टर एमन्स यांनी १९५१ मध्ये ती मातीतून आणि १९५५ मध्ये कबुतरांच्या विष्ठेतून मिळवली. तिची बहीण म्हणावी अशी क्रिप्टोकॉकस गट्टी ही जात १९९० मध्ये एलिस आणि फायफर यांना ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांवर आढळली. भारतातल्या संशोधकांनी जांभूळ, बकुळ यांसारख्या झाडांच्या ढोलीतल्या कुजत्या लाकडातून या बुरश्या शोधून काढल्या आहेत. म्हणजे ती आपल्या अवतीभवती सर्वत्र आहे. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात दोन वर्षांवरील बहुसंख्य मुलांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. याचा अर्थ श्वासावाटे तिची गाठ बहुतेकांना बालपणीच पडते. ती माणसाकडून माणसाला होत नाही. निदानापुरते सांगायचे तर ‘तुमच्याकडे कबुतरे आहेत का?’ या प्रश्नाच्या उत्तराने फारसे काही साधत नाही. ‘आहेत’ म्हटल्याने आजार सिद्ध होत नाही आणि ‘नाहीत’ म्हटल्याने तो दूर सारता येत नाही. संपर्क सर्वांचा येतो, आजार मोजक्यांना होतो; तेव्हा चौकशी करायची ती संपर्काची नव्हे, त्या मोजक्यांच्या प्रतिकारशक्तीची.

लक्षणे इतकी मंद का असतात, याचे उत्तरही प्रतिकारशक्तीतच आहे. फुप्फुसात शिरलेली बुरशी निरोगी शरीरात मारली जाते किंवा वर्षानुवर्षे कोंडून ठेवली जाते. एचआयव्हीमुळे सीडी-४ या प्रतिकारक पेशींची संख्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे १०० च्या खाली घसरली की हा पहारा ढिला पडतो आणि बुरशी रक्तावाटे मेंदूच्या आवरणांत पोहोचते. आता मान आखडणे हे चिन्ह बुरशी उमटवत नाही. तिच्याशी लढताना शरीर जो दाह निर्माण करते, त्यातून ते उमटते. लढायला सैन्यच नसेल तर दाह कुठून होणार? म्हणूनच या मेंदूज्वरात मान आखडलेली सापडते ती साधारण चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत. पाठीतून काढलेल्या, मेंदूभोवतीच्या पाण्यातही तीच तऱ्हा. पांढऱ्या पेशी मोजक्याच, कधी अजिबात नाहीत. साखर आणि प्रथिने कधी कधी अगदी नेमस्त. असे ‘स्वच्छ’ पाणी पाहून हायसे वाटावे, तर नेमके उलटे असते: पाण्यात पेशी जितक्या कमी, तितका मृत्यूचा धोका अधिक. ज्याची अवस्था सर्वांत वाईट, त्याची चिन्हे सर्वांत सौम्य, असा हा उफराटा हिशेब आहे आणि लक्षणांवर भिस्त ठेवणारी पद्धत नेमकी इथेच हरते.

मग रुग्णाला जो त्रास होतो तो कशाचा? मोठ्या प्रमाणात तो दाबाचा असतो. बुरशीच्या पेशी आणि त्यांनी सोडलेली बहुशर्करा मेंदूभोवतीचे पाणी शोषून घेणाऱ्या सूक्ष्म वाटा तुंबवतात. निम्म्याहून अधिक रुग्णांत हा दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटर उंचीएवढा किंवा त्याहून अधिक भरतो. डोके ठणकणे, उलट्या, सहावा मज्जातंतू दबल्याने एकाचे दोन दिसणे, नजर मंदावणे, क्वचित ऐकू न येणे, शेवटी गुंगी, ही सारी साखळी दाबाशी जोडलेली आहे. सीटी स्कॅनमध्ये मात्र मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या दिसतीलच असे नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात, रक्तवाहिन्यांच्या कडेने, बुरशीच्या चिकट द्रव्याने भरलेल्या छोट्या छोट्या पोकळ्या दिसल्या तर संशय बळावतो, पण त्या नसल्या म्हणून सुटका होत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ या वाक्यावर इथे फार विसंबता येत नाही. मेंदूबाहेरही ही बुरशी अशीच दुसऱ्याच्या नावाने वावरते. फुप्फुसातली तिची गाठ कर्करोगाची वाटते, पसरलेला डाग क्षयाचा वाटतो. त्वचेवर ती मध्यभागी खळगी असलेल्या पुळ्यांच्या रूपाने येते आणि मोलस्कम या साध्या विषाणूजन्य विकाराशी तिची गल्लत होते. प्रोस्टेट ग्रंथीत ती दडून राहू शकते. अशा वेळी निदान होते ते तुकडा काढून तपासल्यावर. म्युसिकार्मिन या रंगाने आवरण लालसर दिसले, म्हणजे बुरशीची ओळख पटते.

भारतात या गोंधळात क्षयरोगाची भर पडते. दोन-तीन आठवड्यांची डोकेदुखी, ताप, वजनात घट, पाण्यात लसिका पेशी, साखर कमी, प्रथिने वाढलेली हे वर्णन क्षयाच्या मेंदूज्वराचे, आणि क्रिप्टोकॉकसचेही. ज्या एडीए चाचणीवर क्षयासाठी भरवसा ठेवला जातो, ती क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरातही वाढलेली असू शकते. पेशी मोजताना बुरशीच्या गोल पेशी लसिका पेशी म्हणून मोजल्या जाण्याची चूकही प्रयोगशाळांना ठाऊक आहे. इथे पहिला आक्षेप उभा राहतो: आपल्याकडे क्षय इतका आढळतो की आधी त्याचे उपचार सुरू करावेत, गुण नाही आला तर पुढचे पाहावे, यात चुकले कुठे? क्षयाचे उपचार तातडीने सुरू करण्यामागचा विचार योग्यच आहे, कारण तिथेही उशीर जिवावर बेततो. पण क्षयाच्या मेंदूज्वरात गोळ्यांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देण्याची रीत आहे. एचआयव्हीबाधितांच्या क्रिप्टोकॉकस मेंदूज्वरात हेच औषध देऊन पाहणारी चाचणी आशिया आणि आफ्रिकेतल्या सहा देशांत झाली. ती मुदतीआधी थांबवावी लागली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार डेक्सामेथासोन घेतलेल्यांच्या पाण्यातून बुरशी सावकाश नाहीशी झाली आणि अपंगत्वही अधिक आले. शिवाय रिफाम्पिसिनमुळे फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाची रक्तातली पातळी घसरते. म्हणजे ‘आधी क्षय धरून चालू’ हे धोरण बुरशीची परीक्षा न करता अवलंबले, तर त्यात केवळ वेळ जात नाही, प्रत्यक्ष अपाय होतो. दोन्ही आजार एकाच रुग्णात असू शकतात, हे त्यावर आणखी. तेव्हा क्षयाचे उपचार सुरू करायचे असले तरी बुरशीची परीक्षा त्याच दिवशी, त्याच पाण्यावर व्हायला हवी.

परीक्षा म्हणजे काय, तेही पाहू. सर्वांत जुनी आणि स्वस्त ती काळ्या शाईची. पाण्याच्या थेंबात काजळीच्या शाईचा थेंब मिसळला की सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे काळे दिसते, आणि आवरणात शाई शिरू शकत नसल्याने बुरशीच्या पेशीभोवती उजळ कडे उमटते. एका नजरेत निदान होते, पण बुरशी भरपूर असेल तरच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांवरच्या अभ्यासात या परीक्षेने एकंदर ८६ टक्के रुग्ण ओळखले. ज्यांच्या पाण्यात बुरशी विरळ होती त्यांच्यात मात्र हे प्रमाण ४२ टक्क्यांवर आले. विरळ बुरशी म्हणजे लवकरचा टप्पा, म्हणजे वाचण्याची शक्यता सर्वाधिक असलेला रुग्ण, आणि शाई चुकते ती त्याच्याच बाबतीत. दुसरी परीक्षा बुरशी वाढवून पाहण्याची. १९६२ मध्ये फ्रीडरिष श्टाइब यांनी दाखवून दिले की ज्या कारळ्यांची चटणी महाराष्ट्रात घरोघर होते, त्यांच्या अर्कावर वाढवलेली ही बुरशी तपकिरी पडते, कारण बियांतल्या द्रव्यापासून ती मेलॅनिन तयार करते. इतर सामान्य यीस्ट पांढऱ्याच राहतात. खात्रीच्या दृष्टीने या संवर्धनाला तोड नाही, पण त्याला काही दिवस लागतात आणि रुग्णाकडे तेवढे दिवस असतीलच असे नाही.

तिसरी परीक्षा या विषयाचे गणितच बदलणारी आहे. बुरशी आपल्या आवरणातली बहुशर्करा सतत झाडत असते. ती पाण्यात आणि रक्तात उतरते. ही बहुशर्करा, म्हणजेच प्रतिजन, लॅटेक्सच्या कणांवर ओळखण्याची युक्ती बऱ्याच वर्षांपासून वापरात होती, पण तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागे. २०११ मध्ये मान्यता मिळालेल्या पट्टी-चाचणीने ती अडचण दूर केली. एक थेंब, एक पट्टी, दहा मिनिटे. शीतपेटी नको, यंत्र नको. वर उल्लेखिलेल्या २०१४ च्या अभ्यासात पाण्यावरच्या या चाचणीने ९९ टक्क्यांहून अधिक रुग्ण पकडले. तिची खरी ताकद मात्र रक्तात दिसते. युगांडातल्या रुग्णांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून असे आढळले की प्रतिजन लक्षणांच्या आधी, मध्यमानाने २२ दिवस, रक्तात सापडते. मेंदूज्वर व्हायच्या आधीच त्याची चाहूल लागण्याची सोय वैद्यकात फार थोड्या ठिकाणी आहे. ती इथे आहे, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सीडी-४ पेशी १०० च्या खाली असलेल्या प्रत्येक प्रौढाची, आणि शक्य तिथे २०० च्या खाली असलेल्यांचीही, लक्षणे नसतानाच ही रक्तचाचणी करायला सांगते. चाचणी होकारार्थी आली तर पाठीतले पाणी तपासायचे. मेंदूत बुरशी नसेल तर फ्लुकोनाझोल देऊन ती मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी अडवायची.

यावर कोणी म्हणेल, आता एचआयव्हीची औषधे सर्वांना मिळतात, मग हा आजार ओसरणारच. त्यासाठी नवी चाळणी कशाला? आकडे कमी झाले आहेत हे खरे. २०१४ सालासाठीचा अंदाज २,२३,००० रुग्णांचा होता. पण सीडी-४ पेशी १०० च्या खाली असलेल्यांपैकी जगभरात सरासरी सहा टक्क्यांच्या रक्तात हे प्रतिजन सापडते, आणि अशा रुग्णांत केवळ नव्याने निदान झालेले नसतात. औषधे सुरू करून मध्येच सोडलेले, गाव बदलल्याने केंद्र सुटलेले, विषाणूने औषधांना दाद देणे थांबवलेले असे कितीतरी त्यांत असतात. त्यांतले बरेच बाहेरून ठणठणीत दिसतात. सर्वांना लगेच औषधे देण्याचे धोरण आल्यापासून अनेक ठिकाणी सीडी-४ ची मोजणी मागे पडली, आणि ती झाली नाही तर चाळणी कोणावर लावायची हेच कळेनासे होते. टांझानिया आणि झांबियात झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिजन-चाळणी आणि औषधांच्या सुरुवातीच्या काळात घरी जाऊन केलेली मदत, या दोहोंमुळे वर्षभरातले मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. त्यातले श्रेय चाळणीला किती आणि घरभेटींना किती, हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण चाळणीशिवाय ज्यांचे निदान झालेच नसते अशा व्यक्ती त्यात होत्या, एवढे त्या आक्षेपातूनही उरते.

आणखी एक अडसर रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या मनात असतो. पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा होतो ही भीती आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि आफ्रिकेतही ती तितकीच प्रबळ आहे. सुई टोचली जाते ती मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली, हे समजावून सांगावे लागते. पण इथे त्याहून मोठे उत्तर उपलब्ध आहे: या आजारात पाणी काढणे हा उपचारही आहे. वाढलेला दाब त्यानेच उतरतो, आणि निरीक्षणांत असे दिसले आहे की पहिल्या तपासणीनंतर पुन्हा पाणी काढलेल्या रुग्णांच्या वाचण्याच्या शक्यतेत सापेक्षतः ६९ टक्के सुधारणा होते. म्हणूनच दाब न मोजता पाणी काढणे हे अर्धवट काम ठरते. मोजपट्टीची नळी नसेल तर सलाइनची नळी उभी धरून टेपने उंची मोजता येते.

प्रतिजन-चाचणीवर मी इतका भर देतो, तेव्हा तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बुरशी अतोनात असेल तर कधी कधी पट्टी खोटा नकार देते. नमुना पातळ करून पुन्हा तपासल्यावर तो उघडा पडतो. उपचारांनंतरही प्रतिजन महिनोन् महिने रक्तात राहते. त्यामुळे आजार उलटला की नाही, हे तिच्यावरून ठरवता येत नाही, तिथे संवर्धनच लागते. अनेक जंतू एकदम शोधणाऱ्या महागड्या पॅनेलवरचा नकारही पुरेसा नाही, कारण क्रिप्टोकॉकसच्या बाबतीत ती चुकल्याच्या नोंदी आहेत. आणि एचआयव्ही नसलेल्यांचा प्रश्न उरतोच. मूत्रपिंड बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, यकृताचा सिरॉसिस झालेले हे एका बाजूला. आणि वरकरणी निरोगी असूनही जीएम-सीएसएफ या संरक्षक प्रथिनाविरुद्ध स्वतःच्याच शरीराने प्रतिपिंडे बनवलेले दुसऱ्या बाजूला. यांच्यात शाई अधिक वेळा चुकते, फुप्फुसापुरत्या आजारात रक्तातले प्रतिजनही निसटते, आणि कोणाच्या मनातच न आल्याने निदान आणखी लांबते. या सगळ्यांची सरसकट चाळणी करा असे मी म्हणणार नाही; तसा पुरावा नाही. पण आठवड्याहून अधिक रेंगाळलेल्या कोणत्याही मेंदूज्वरात, एचआयव्ही असो वा नसो, पाण्यावर ही पट्टी लावायला हरकत घेण्याजोगे कारणही दिसत नाही.

वेळेचा आग्रह का धरायचा, याचा शेवटचा पुरावा उपचारांतूनच मिळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतील पाच देशांतल्या चाचणीने उपचार कितीतरी सोपे केले. लायपोसोमल अँफोटेरिसिनची एकच मोठी मात्रा आणि सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोल, एवढ्यावर जुन्या दीर्घ उपचारांइतकाच गुण आला. तरीही दहा आठवड्यांत सुमारे २५ टक्के रुग्ण दगावलेच. ज्यांची शुद्ध आधीच ढळलेली असते, त्यांच्यात धोका सर्वांत मोठा. याच्या जोडीला २०१४ ची आणखी एक चाचणी ठेवावी: मेंदूज्वराचे निदान झाल्यावर एक-दोन आठवड्यांतच एचआयव्हीची औषधे सुरू केलेल्यांपैकी २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले, तर सुमारे पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. म्हणजे दडलेली बुरशी न ओळखता एचआयव्हीची औषधे सुरू करणेही धोक्याचे. उत्तम औषधांनंतरही जे मृत्यू उरतात, त्यांतले टाळण्याजोगे मृत्यू निदानाच्या तारखेशी बांधलेले आहेत. ती तारीख अलीकडे आणायची तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, नोंद होणाऱ्या किंवा खंडानंतर परतणाऱ्या प्रत्येकाची सीडी-४ मोजणी व्हावी, ती कमी आली तर त्याच रक्तावर पट्टी लावली जावी, आणि एचआयव्हीच्या पहिल्या गोळीआधी तिचे उत्तर कागदावर असावे. लक्षणे कशी ओळखावीत हे पुढील पानांत तपशिलाने येईल आणि ते शिकायलाच हवे. मात्र त्या ज्ञानाचा उपयोग या चाळणीतून निसटलेल्यांसाठी व्हावा, चाळणीच्या जागी नव्हे.